चिठ्ठीताई आणि कप्तानाचा डावा बूट

आमच्या फुटबॉल क्लबातले डॉक्टर, फिजिओ आणि ट्रेनर तिघेही हुशार, पण तिघांची तोंडं तीन दिशांना. डॉक्टर सांगणार विश्रांती, फिजिओ सांगणार व्यायाम, ट्रेनर सांगणार पळ. आणि बिचारा खेळाडू एकाच दिवशी तिन्ही करून आडवा. या तिघांची मोट बांधायला ताईंना नेमलं.

ताई स्वतः खेळायच्या. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टरला वाटलं ट्रेनरने बघितलंय, ट्रेनरला वाटलं डॉक्टरने. तेव्हापासून त्या कठडा धरूनच जिना चढतात. म्हणून त्यांचा नियम: रोज सकाळी प्रत्येकाने, अगदी स्वयंपाक्यानेसुद्धा, खेळाडूंबद्दल एकेक ओळ लिहून द्यायची. नाव पडलं चिठ्ठीताई. मी बूट-कपडे सांभाळतो. मला या चिठ्ठ्यांचा भारी वैताग यायचा. मोजे वाळले, यापुढे मी काय लिहिणार?

फायनलच्या सकाळी ताईंनी चार चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. सगळ्या कप्तानाबद्दल. डॉक्टर: ‘ठीक. डावी मांडी किंचित दुखते.’ फिजिओ: ‘ठीक. डावा पाय जरा आखडलाय.’ स्वयंपाकी: ‘जिना थांबत थांबत उतरला.’ आणि माझी: ‘डाव्या बुटाची नाडी मला बांधायला लावली. लाडावलाय!’

“डॉक्टर-फिजिओ दोघांनी ठीकच म्हटलंय ना?” कोच ओरडले.

“सुटं सुटं वाचलं तर ठीक. एकत्र वाचा.”

कोच ऐकेनात. कप्तानाची पहिलीच फायनल, तोही हट्टाला पेटलेला.

सामन्याआधी डावा बूट गायब! कप्तानाच्या पायाचा नंबर बारा, क्लबात तेवढा एकच जोड. कोचनी मला फैलावर घेतलं. मी खोली उलटीपालटी केली. ताई मात्र खुर्चीत शांत बसलेल्या, मांडीवरची पर्स जरा जास्तच फुगलेली. मी ती पाहिली आणि पुन्हा कपाटाखाली वाकून बूट शोधू लागलो.

कप्तान बाकावर बसला आणि आम्ही एका गोलने हरलो. कोच आठवडाभर ताईंशी बोलले नाहीत. तपासणीत कप्तानाच्या मांडीचा स्नायू थोडा फाटलेला निघाला. खेळला असता तर वर्ष वाया गेलं असतं. हे डॉक्टरांनी फिजिओला समोर बसवून सांगितलं. पहिल्यांदाच दोघांची तोंडं एका दिशेला!

कप्तान बूट न्यायला आला. ताईंनी पर्समधून काढून दिला, पॉलिश करून.

“ताई, तुमच्या वेळी कुणी असा बूट लपवला असता तर?”

“तर आज मी कोच असते,” ताई म्हणाल्या, “आणि तुला नक्की खेळवलं असतं.”

आणि कठडा धरून जिना उतरल्या.