मिक्सर, कुकर आणि माझा वरचा सूर

मी सूर लावला की आई मिक्सर लावायची. मी अकरा-बारा वर्षांची असल्यापासून हे चाललेलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात शेंगदाण्याचं कूट कधी संपलं नाही, ते माझ्या रियाजामुळं. खिचडीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट. शेवटी बाबा म्हणाले, "अगं, आता चहात तरी घालू नकोस."

"आपल्याकडं भजन म्हणतात, किंचाळत नाहीत," हे आईचं ठरलेलं वाक्य. बाबा फुलंब्रीच्या कचेरीत कारकून होते. रोज एसटीनं जाऊन-येऊन त्यांच्यात भांडायचं बळ उरत नसे. त्यामुळं भांडण माझं आणि आईचंच, आणि हट्टात दोघी सारख्याच.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं शाळेतल्या गाण्याच्या मिसनं. प्रार्थनेत माझा आवाज सगळ्यांच्या वर निघायचा. एक दिवस त्यांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता छडी बसणार. तर त्यांनी मला छावणीतल्या आपल्या घरी नेलं, पियानोशेजारी उभं केलं आणि एकेक सूर वर चढवत नेलं. त्या थांबल्या, मी थांबेना. "तू सोप्रानो आहेस," त्या म्हणाल्या. म्हणजे बायकांच्या गळ्यातला सगळ्यात उंच आवाज. तो शब्द मी घरी येईपर्यंत रस्ताभर पुटपुटत आले. आईला सांगितला तर ती म्हणाली, "औषधाचं नाव आहे का?"

पुढं मुंबई, मग शिष्यवृत्ती, मग जर्मनीतल्या एका लहान शहरातलं नाट्यगृह. तिथं मी एकोणीस वर्षं ऑपेरात गायले. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त बोलणं जवळजवळ नाही आणि माइक तर मुळीच नाही. समोर पन्नास-साठ वाद्यं, त्यांच्यावरून उघड्या गळ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. ऐकायला फार मोठं वाटतं, पण माझी बहुतेक वर्षं कोरसमध्ये गेली. तिसऱ्या ओळीतली गावकरी बाई, मोलकरीण, जोगीण. एकदा देवदूत झाले, तेही पडद्यामागून. माझ्यासारख्या सावळ्या बाईला नायिकेचा झगा कोण देणार? तोंडावर कुणी म्हणत नसे, पण यादी लागली की कळायचं.

एकदाच मुख्य गायिका तापानं पडली आणि मला उभं केलं. शेवटचा उंच सूर मी धरला तो धरलाच. लोक उभे राहिले. मी कपडेही न बदलता आईला फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी ती गायिका बरी झाली आणि मी तिसऱ्या ओळीत परत गेले.

खरं सांगू? मला त्या झग्याचं तेवढं दुःख नाही. मी घरी पाठवलेल्या कॅसेट, सीडी, सगळ्या कपाटात तशाच गुंडाळलेल्या होत्या. आईनं एकदा समोर बसून माझं गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मला हवं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं अशी आस धरावी याची मलाच लाज वाटते, पण होती.

बाबा गेले आणि मी कायमची परत आले. आई ऐंशीच्या पुढं. आल्या आल्या तिची तक्रार, "कुकर बिघडलाय. शिटीच होत नाही." मी नवी रिंग आणली. शिटी बदलली. तरी वरण करपलेलंच. मग नवा कुकर आणला. एका दुपारी ती ओट्याशी उभी, कुकर पाचवी शिटी देतोय, आणि ती माझ्याकडं वळून म्हणते, "बघ, हाही फसवा निघाला." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

डॉक्टरांनी कानाचा आलेख काढला. डावीकडून बरा चाललेला, मग कड्यावरून ढकलल्यासारखा खाली. "आधी वरचे सूर जातात," ते सहज म्हणाले. जाड आवाज तिला बरे ऐकू येत होते. मिक्सर अजून ऐकू यायचा.

कानात मशीन बसवलं त्या संध्याकाळी आई स्वतःहून म्हणाली, "एवढं यंत्र लावलंच आहे, तर तुझंही ऐकते एकदा. नाहीतर मी मेल्यावर म्हणशील, आईनं ऐकलं नाही."

मी काय सांगू! तीन महिने मी दही सोडलं, चिंच सोडली, थंड पाणी सोडलं. पुण्याहून पियानो वाजवणारी आली. इथल्या एका कॉलेजचं सभागृह मिळालं. माइक नको म्हटल्यावर साउंडवाला चिडला. "मॅडम, बिना माइक के पीछे कुच नै सुनाता." मी म्हटलं, तू मागं जाऊन बस. बसला, आणि पहिल्याच गाण्याला मोबाइल खिशात ठेवून ताठ झाला.

आई पहिल्या रांगेत, हिरव्या इरकलीत. खालच्या सुरांना तिची मान हलत होती. माझी आई मान हलवत होती! मला गाणं सांभाळणं कठीण जाऊ लागलं. शेवटच्या गाण्यात तोच सूर होता, जर्मनीत त्या एका रात्री लागलेला. मी श्वास घेतला आणि लावला. त्याहून सरस लागला, मला माहीत आहे, गळा खोटं बोलत नाही. धरून ठेवला आणि आईकडं पाहिलं. ती कानाला हात लावत होती. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि मान खाली घालून पदराची कड चाळवत बसली. आपलं लेकरू भाषण विसरलं की आया बसतात तशी.

रिक्षात तिनं माझा हात हातात घेतला. "राहू दे. मधलं किती गोड म्हटलंस गं! वरचं नाही निघालं, तर नाही निघालं. वय कुणाला चुकलंय?"

"निघालं नाही? आई, लोक उभे राहिले होते!"

"हो ना. फार चांगले लोक आहेत बिचारे."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मशीनवाल्या मुलीकडं गेले. तिनं शांतपणे समजावून सांगितलं. कानातलं मशीन कधीकधी आपणच शिटी मारतं, म्हणून ती दाबायची सोय त्यात असते. उंच, लांब, एकसारखा सूर आला की मशीनला ती आपलीच शिटी वाटते, आणि ते तो सूर दाबून टाकतं. "तुम्ही जितकं स्वच्छ धराल, मॅडम, तितकं ते जोरात दाबणार," ती म्हणाली. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. चाळीस वर्षं मी तो सूर स्वच्छ करत आले होते.

तिनं गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून दिली. घरी येऊन मी आईसमोर उभी राहिले आणि गायले. आईचा चेहरा आक्रसला. "फाटतोय गं. पार चिरकतोय." वरच्या सुरांसाठी कानच उरले नव्हते, त्यांत मशीन तरी काय ओतणार? मग मी तिचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि पुन्हा तोच सूर लावला. "थरथरतेयस नुसती," ती म्हणाली. "नको ताणूस, बाई."

आणि ती रडायला लागली. आईला मी बाबांच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. "मीच म्हणायचे देवाला. मिक्सर लावायचे आणि म्हणायचे, हिचा हा आवाज जाऊ दे, म्हणजे पोरगी संसाराला लागेल. माझाच तळतळाट लागला तुला."

"आई, आवाज गेलेला नाही गं!" मी ओरडले. हे मात्र तिला नीट ऐकू आलं.

"माझी समजूत नको काढूस," ती म्हणाली.

तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला देवासमोर बसते आणि माझा आवाज परत मागते. मग मला हाक मारते. "म्हण बरं. आला का बघू." पहिल्यांदा मी चिडले, नाही म्हणाले. तर तिनं जेवण सोडलं. आता म्हणते मी. खिडकी उघडीच असते. समोरच्या गच्चीवर दोरीवरचे कपडे काढणारी शेजारीण, मूळची पाचोडची, थांबून ऐकते आणि रोज ओरडते, "काकू, लई भारी!" आईला तेही ऐकू येत नाही.

माझं वय चौपन्न. हा सूर आता खरंच थोड्या दिवसांचा पाहुणा आहे. अजून एखादं वर्ष, फार तर दोन. काल तो थोडा थकलेला लागला, मला कळलं. मी धरला, जमेल तेवढा धरला, आणि आई माझ्या उघड्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली.

"नाही आला अजून," ती म्हणाली, आणि निरांजनातली वात पुढं सारली. "येईल. उद्या बघू."