खर्रा आणायला कोण जातं

“लेकरायले देऊ नको म्हंता, अन् खर्रा आणाले त्यायलेच पाठवता!” माझ्या मागे बसलेले पानटपरीवाले काका पुटपुटले.

अठरा वर्षांखालच्या कुणालाही खर्रा किंवा कुठलीही तंबाखू विकायची नाही, या ठरावाला ग्रामसभेत नुकतेच सगळ्यांनी हात वर केले होते. “घरच्यांनी पाठवलं तरी नाही,” हे वाक्य त्यात ठेवायचं की नाही, यावर मात्र सभा अडली होती.

“आपल्या गावात असं कोणी पाठवतच नाही, मंग लिहायचं कायले?” माझे बाबा म्हणाले. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. ग्रामसेवक ते वाक्य खोडायला लागले.

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी उभी राहिले.

“बाबा, दहावीपर्यंत तुमचा खर्रा मीच आणायची. आता छोटी आणते.”