नाळेला लावलेलं हळदकुंकू

माझ्या बहिणीची मुलगी लिव्हरवर संशोधन करत होती. म्हणजे नाळेवर करत होती, पण लिव्हरसाठी. बाळ जन्मलं की नाळ कापून फेकतात ना, त्यातल्या मूळ पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि त्यांना लिव्हरचं काम शिकवता येतं का ते बघायचं. तिचे वडील लिव्हरनेच गेले, आयुष्यात थेंब न पिता. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात हेच.

तिने हे समजावलं तेव्हा आमचे हे शेव गाळत होते. परदेशीपुऱ्यातली कापडाची गिरणी बंद पडली, तीस वर्षं लूम चालवलेला माणूस घरी बसला आणि कोणी तरी सांगितलं म्हणून शेव शिकायला लागला. शेव कसली, दोरखंड! हे म्हणाले, "वा भिया! मला कोणी नवं काम शिकवेना, आणि तू नाळेला लिव्हर व्हायला शिकवणार?"

"काका, नाळ तुमच्यापेक्षा लवकर शिकेल," ती म्हणाली.

पण पोरगी आतून घाबरलेली. तोवर आणलेल्या सगळ्या नाळांना बुरशी लागली होती. तिच्या सरांनी सांगून टाकलं होतं, या महिनाअखेरपर्यंत पेशी वाढल्या नाहीत तर विषय बदल. दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

नेमकी त्याच महिन्यात माझी सून बाळंत होणार होती. सुनेने आनंदाने नाळ द्यायच्या फॉर्मवर सही केली. बडा गणपतीजवळच्या नर्सिंग होममध्ये नातू झाला. डॉक्टरीणबाईंनी नाळेचा तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत घातला, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. "सीधे लॅब जाना, मांजी. खोलना मत."

आता मला सांगा, आपल्यात नाळ अशी उघडीबोडकी पाठवतात का? हळदकुंकू लावून, सुपारी ठेवून पुरतात. पुरायची नाही, ठीक है, विज्ञान आहे. पण चार दाणे अक्षता तरी? पहिला नातू हो! कॉरिडॉरच्या बाकावर बसून मी बाटलीचं झाकण उघडलं, पिशवीतलं हळदकुंकू चिमूट चिमूट घातलं, अक्षता घातल्या, एक सुपारी सोडली, नमस्कार केला. झाकण परत घट्ट लावलं, हे विशेष.

लॅबमध्ये भाचीने बाटली उजेडात धरली. हलवून पाहिली.

"मावशी, यात सुपारी आहे."

"चांगली आहे, पोकळ नाही."

ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, तेव्हा कुठे मला कळलं. त्या पाण्यात जंतूचा कण चालत नाही, आणि मी अख्खं पूजेचं ताट रिकामं केलं होतं! तरी तिने तो तुकडा सात वेळा धुऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी पेशी नाहीत. बुरशी मात्र भरभरून.

महिना संपायला आठ दिवस उरले होते. मी केलं, मीच निस्तरणार. चपला घातल्या आणि दिवस भरलेल्या बायकांची दारं ठोठावत सुटले. तेव्हा बाजारात जिकडेतिकडे जुना टीव्ही द्या, नवा घ्या असं चाललं होतं. शेजारच्या भाभीने विचारलं, "आंटीजी, नाल के बदले क्या मिलेगा? मिक्सर?"

"आशीर्वाद मिलेगा."

"वो तो आप वैसे भी देती हो."

पण बाळंतपणाला माहेरी आलेल्या तिच्या मुलीने हो म्हटलं. अट एकच, अर्धी नाळ आम्ही पुरणार. भाचीने लगेच मान्य केलं आणि स्वतःची अट घातली, "डबा काका आणतील. मावशी डब्याच्या दहा फुटांत येणार नाही."

भाभीची मुलगी दुसऱ्याच दिवशी बाळंत झाली, तेव्हा मी टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ, आणि हे मागे डबा मांडीवर घेऊन, श्वास रोखून. तीस वर्षं नाजूक सूत सांभाळलेले हात, डबा हलला नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिने आम्हाला बोलावलं. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "काळे केस दिसतात गं."

"तुझ्याच पापण्या आहेत. जरा मागे हो."

मग ह्यांनी पाहिलं आणि ओरडलेच, "अगं, हे तर मागावरचे धोटे! दोन्ही टोकांना निमुळते, रांगेने लागलेत. अख्खं लूमखातं चालू आहे इथे!"

पेशी जगल्या होत्या. चांगल्या पसरल्या होत्या. सरांनी सकाळीच पाहून विषय कायम ठेवला होता. मी विचारलं, "म्हणजे आता याचं लिव्हर होणार?"

"छे गं मावशी. अजून खूप शिकवायचंय त्यांना. आणि एका नाळेवर कोण विश्वास ठेवतो? अजून बऱ्याच लागतील."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, उठ. छत्रीबागेत तुझ्या भिशीतल्या बाईच्या सुनेला आठवा लागलाय ना?"

"सातवा," मी म्हटलं. "पण सांगून ठेवायला काय हरकत आहे?"