फळ्यावरचा सत्ताविसावा धडा

हेडमास्तरांच्या घरची शिष्यवृत्ती नुसत्या गुणपत्रिकेवर मिळत नसे. घरात कुणालाच येत नाही अशी एखादी गोष्ट विद्यार्थ्याने सगळ्यांना शिकवायची, मगच तो पास. मग बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर त्या धड्यासमोर त्याचं नाव लागे. सव्वीस वर्षांत घर भलतंसलतं शिकलं होतं. थोरली सून लग्न होऊन आली त्या वर्षी एका मुलीने केस कापायला शिकवलं. सुनेने पहिला हात दिरावर साफ केला. बिचारा महिनाभर टोपी घालून ऑफिसला गेला. शिकलेलं स्वतःपाशी ठेवायचं नाही, हा हेडमास्तरांचा दुसरा हट्ट. म्हणून दर रविवारी सून कात्री घेऊन गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे जायची आणि दीर त्यांचे गळके नळ दुरुस्त करायचा. नळदुरुस्तीही अशाच एका शिष्यवृत्तीच्या धड्यातली.

यंदा हेडमास्तर पडले. हाड जुळलं, पण खुर्चीतून उठवताना दोघांनी बगलेत हात घालून ओढावं लागे आणि ते घर डोक्यावर घेत. त्यामुळे निवड पहिल्यांदाच सुनेवर आली. निवडायला आली ती एकच मुलगी, आणि तीही दारातच म्हणाली, "काकू, मला अभ्यासाशिवाय काहीच येत नाही हो."

मुलगी हुशार होती, घरी फक्त आजारी आजोबा, आणि कॉलेजची फी भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

"शिवण? चित्रं? अगं, शीळ तरी?" सून जवळजवळ गयावया करायला लागली.

"नाही."

"नियम म्हणजे नियम, वहिनी," दीर म्हणाला. टोपीचा महिना तो बहुधा विसरला नव्हता.

"भाऊजी, गप्प बसा आणि बाबांना धरा. त्यांना आत जायचंय."

दोघांनी बगलेत हात घातले.

"अहो, ओढू नका त्यांना!" मगाशी नुसतं 'नाही' म्हणणारी मुलगी चक्क ओरडली. मग हेडमास्तरांसमोर बसली. "आजोबा, खुर्चीच्या कडेला या. पाय थोडे मागे. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. हात खुर्चीवर दाबा. उठा."

हेडमास्तर उठले. कुणीही हात न लावता!

मग ते मुद्दाम बसले आणि पुन्हा उठले. सून बसली, उठली. दीरही बसला. "वहिनी, पाय मागे घ्या ना," असं वर तिलाच शिकवायला लागला. सुनेला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागत होते. गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाईंना चौघं मिळून उठवतात, तिकडे रविवारी आधी जायचं, हे तिने तिथेच ठरवलं.

या गोंधळात मुलीने आपली पिशवी उचलली. "काकू, मी निघते. उगाच तुमचा वेळ घेतला."

हेडमास्तर तोवर भिंत धरत फळ्यापर्यंत पोचले होते. त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'सत्तावीस : उठणं', आणि खडू तिच्यापुढे धरला.

"नाव तू लिही," ते म्हणाले. "मला उभं राहू दे जरा."