व्हेनिसचे मुखवटे आणि नानांची सुतळी

व्हेनिसचा कार्निव्हल बघायला जायचं ठरलं ते एका खोट्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे बस, हॉटेल, खाणंपिणं यांची माहिती मिळेलच, पण सहल मजेची झाली असं समजून कुणी माझ्या भरवशावर तिकिटं काढू नयेत.

आमचं गाव जव्हारकडचं. होळीनंतर तिथे बोहाडा असतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून संबळाच्या तालावर एकेक सोंग गावातून नाचत निघतं. कुठलं सोंग कुणाच्या घरचं हे ठरलेलं असतं. भैरोबा आमच्या घरचा. तो पणजोबांनी नाचवला, आजोबांनी नाचवला आणि मग एकतीस वर्षं माझ्या वडिलांनी. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. २००७च्या जानेवारीत ते आमच्याकडे स्टॅनमोरला आले, पण लंडन बघायला नाही. चौथ्या दिवशी चहा पिताना त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"यंदा शिमग्याला तू ये. एक वर्ष नाच. पुढचं पुढं बघू."

"नाना, ऑफिसमध्ये लीव्हच उरली नाहीये हो. इम्पॉसिबल आहे."

लीव्ह होती. मार्चअखेरपर्यंतची चांगली तेरा दिवसांची होती. मन नव्हतं. चौतीस वर्षांचा माणूस, एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणारा, आणि सगळ्या गावासमोर अंगाला शेंदूर फासून नाचायचं? मला लाज वाटत होती. ते सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून रजेवर ढकललं. नाना "बरं" म्हणाले आणि त्यांनी विषय सोडला.

"खरं काय ते सांगून टाक ना," अश्विनी, माझी बायको, नाना उठून गेल्यावर म्हणाली. "वाईट वाटेल त्यांना, पण कळेल तरी."

मी सांगितलं नाही. उलट, मुखवटेच हवेत ना, मग जगातले सगळ्यात देखणे मुखवटे दाखवू, अशी शक्कल लढवली. इटली दाखवायचं आधीपासून मनात होतंच, त्यामुळे नानांचा शेंगेन व्हिसा मुंबईहूनच काढून आणायला सांगितलं होतं. तुम्हीही तसंच करा. इथे व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला तो काढणं फार त्रासाचं आहे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. अश्विनीची रजा खरोखरच संपली होती. गोल्डर्स ग्रीनहून स्टॅनस्टेड विमानतळाला कोच जाते, ट्रेनपेक्षा स्वस्त. बाहेर बारीक पाऊस आणि काळोख. नानांच्या मांडीवर वेम्बलीहून आणलेल्या थेपल्यांची पिशवी. अर्धा रस्ता संपल्यावर त्यांनी विचारलं, "आज गुरुवार ना रे? तुझं ऑफिस?"

"आज आणि उद्या रजा टाकलीये."

तोंडातून शब्द गेला आणि मग माझ्या ध्यानात आलं. नाना माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाची चोरी पकडल्यावर सगळ्यांसमोर बोलायचं नाही, अशी त्यांची पद्धत होती.

"अस्सं," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

स्वस्तातली विमानं व्हेनिसला नाही, त्रेव्हिजोला उतरवतात. तिथून तासाभराची बस. कार्निव्हलच्या दिवसांत व्हेनिसमधल्या हॉटेलांचे दर ऐकूनच घाम फुटतो, म्हणून राहायचं मेस्त्रे गावात. तिथून ट्रेनने दहा मिनिटं. कॉफी उभ्याने प्यावी, बसलात की तीच कॉफी कितीतरी महाग होते. नानांना हे कळल्यावर ते दुखऱ्या गुडघ्यांनिशी काउंटरला टेकून उभे राहिले आणि माझं काही ऐकेनात. मला तेही लागलं. शाकाहारी माणसाला पिझ्झा आणि पालेभाजीवर दिवस काढता येतात, पण थेपले न्याच.

शुक्रवारी सॅन मार्को चौकात गेलो. धुकं इतकं की समोरचं चर्च अर्धंच दिसत होतं. त्या धुक्यातून पांढरेशुभ्र चेहरे यायचे, मखमली झगे, पिसांच्या टोप्या, प्लेगच्या काळातले लांब चोचीचे वैद्य. बघणाऱ्याचा श्वास अडकावा असं देखणं, खोटं कशाला बोलू. लोक कॅमेरे रोखायचे, मुखवटेवाले मान तिरकी करून थांबायचे आणि पुढे सरकायचे. नाना बराच वेळ बघत होते.

"बोलत नाहीत, हे चांगलंय," ते म्हणाले. "आपल्यातही मुखवटा चढला की बोलायचं नसतं. पण हे नाचत का नाहीत?"

"नुसतं फोटोसाठी असतं हो, नाना."

"मग उतरवल्यावर पाया कुणाच्या पडतात? आपण मुखवट्याच्या पडतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

शनिवारी, गर्दीला कंटाळून, एका मागच्या गल्लीत शिरलो. तिथे मुखवटे बनवणाऱ्या बाईंचं छोटंसं दुकान होतं. दारातच भिजलेल्या कागदाचा आणि खळीचा वास आला. नाना थबकले. वाकून त्यांनी बूट काढले, मोजेही काढले आणि त्या गार फरशीवर उभं राहून भिंतीवरच्या शेदोनशे चेहऱ्यांना हात जोडले. दोन पर्यटक मुली मुखवटे लावून खिदळत होत्या, त्या गप्प झाल्या. मला शरमेने मेल्यासारखं झालं. तीच शरम, गावाकडची. हजारो मैल लांब येऊनही माझ्यासोबत आली होती.

बाई मात्र हातातला ब्रश ठेवून उठल्या. नानांनी खूण करून एक मुखवटा मागितला आणि उलटा करून आतली बाजू बघितली. कागदाचे थर बोटाने चाचपले. बाईंचा चेहरा खुलला. "गिऱ्हाईक कधीच आतून बघत नाही," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. मी नानांना सांगितलं.

"घालणाऱ्याला आतलीच बाजू लागते," नाना म्हणाले.

बाईंनी तो लावून बघायला सुचवलं. नानांनी नकारार्थी मान हलवली, पण कोटाच्या खिशातून एक जुनी, मळकी सुतळी काढली. तिला तीन गाठी होत्या. मी ती लहानपणी देव्हाऱ्यात बघितली होती. भैरोबाचा मुखवटा लाकडी, त्याच्या आत कापडाची गादी बसवतात, आणि सोंग घेणाऱ्याच्या डोक्याच्या मापाप्रमाणे दरवेळी ती कमीजास्त करतात. या त्या मापाच्या गाठी. ते ही सुतळी गावाहून इतक्या लांब का घेऊन आले होते, हे विचारायची गरज नव्हती.

"इकडे ये," ते म्हणाले. त्या परक्या दुकानात, त्या मुलींसमोर, त्यांनी सुतळी माझ्या कपाळावरून मागे नेऊन धरली. त्यांची बोटं गार होती.

"माझ्याच गाठीवर आलं बघ. गादी बदलायलाही नको."

मी तेव्हा "येतो" म्हणू शकलो असतो. अकरा दिवस शिल्लक होते. मी म्हणालो, "नाना, बूट घाला, सर्दी होईल."

त्यांनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. बाईंनी देऊ केलेला छोटासा मुखवटा घेतला नाही. "त्याला घरी कोण बघणार," म्हणाले. परतीच्या ट्रेनमध्ये, खाडीवरच्या पुलावर, ते शांतपणे बोलले, "सोंग भावकीतल्या सखारामच्या मुलाला देतो. पोरगा चांगलाय. आणि हे बघ, रजेचं सांगायला नको होतंस. नको वाटतं म्हणाला असतास तर मी काय मारणार होतो का?"

रविवारी आम्ही घरी आलो, महिनाअखेर ते गावी गेले. त्यांना विमानतळावर सोडताना मी वाकलो तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला की पुन्हा माप घेतलं, कुणास ठाऊक.

बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत, फोन लावला.

"छान झालं," नाना म्हणाले. "पोरगा मन लावून नाचला." मग थोडं थांबून, "मुखवटा जरा सैल झाला त्याला. दोन चिंध्या जास्त घालाव्या लागल्या."

फोटो खूप काढलेत, खाली टाकतो. व्हेनिस बघण्यासारखं आहे, जरूर जा. मार्चच्या मध्याला मॅनेजर माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला, तुझे अकरा दिवस शिल्लक आहेत, एकतीस तारखेनंतर फुकट जातील, कुठे जायचं नाहीये का?

मी नाही म्हणालो. या वेळी ते खरं होतं.