कासवाचा धडा

कोठी बाजारातल्या एका दुकानात आंबेहळदीचा वास आला आणि माझं डोकं तापलं.

आमच्या जामबागेतल्या घरात हा वास वारंवार यायचा. बाबांनी आईला मारलं की ती स्वतःच्या खांद्यावर आंबेहळदीचा गरम लेप लावायची. एकदा मोठे काका तिला समजावायला आले. अंगणातल्या हौदाशी आमचं कासव बसलं होतं. काकांनी त्याला काठीनं टोचलं, तसं त्यानं मान-पाय आत ओढले.

"बघ सुमन," काका शांतपणे म्हणाले, "ओरडत नाही, चावत नाही. सगळं आत घेतं. संसारात असंच राहावं. हेच अध्यात्म."

आई ताडकन उठली. "दादा, त्याच्या पाठीवर ढाल आहे. माझ्या पाठीवर काय आहे, दाखवू? आणि टोचलंत तुम्ही, मग धडा त्यानंच का द्यायचा? तुमच्या भावाला शिकवा की काहीतरी!"

"इतका गुस्सा बरा नाही," काका पुटपुटले.

त्याच दुपारी आई मला घेऊन रिक्षानं हिमायतनगरला मामाकडे गेली, ती कायमची.

रिक्षात मला आईच्याच आवाजाची भीती वाटत होती. काका किती समजूतदार वाटले होते! आज त्यांचा तो शांत, गोड आवाज आठवला की माझ्या मुठी वळतात.