सोनेरी चेहऱ्यांचा वियोतो

आमच्या जावा बेटावरच्या तुलुंगागुंगमध्ये कुणाचंही ओळखपत्र हातात घ्या आणि चेहरा बघा. कातडी सोन्याच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी दिसली, तर खुशाल समजा, फोटो वियोतोच्या दुकानातला आहे. भाताच्या खाचरात रापलेला म्हातारा असो की मासळी विकणारी बाई, वियोतोच्या प्रिंटरमधून बाहेर येताना सगळी मंडळी राजवाड्यातली होऊन येत. तक्रार कुणी केली नाही. कशाला करील? गाडीचा परवाना काढायला गेलेला माणूस राजपुत्र होऊन परतला, तर त्यात त्याचं काय गेलं?

मी वियोतोचा शेजारी, सारपिन. लुद्रुक, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य; त्यात बायकांची कामं पुरुषही करतात. त्याच्या मंडळीत जन्मभर राण्या, सासवा आणि सवती रंगवल्या. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा या गल्लीत येऊन राहिलो. सकाळी त्याच्या दुकानाच्या बाकावर बसायचं, कॉफीचा दाट गाळ सिगारेटीवर चोपडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघायचे, एवढंच माझं काम. गल्ली मला म्बाह म्हणते. आजोबा म्हणवून घेण्याचं वय झालंच आहे.

कंपनीची शाई वियोतोने कधी विकत घेतली नाही. ती म्हणजे अत्तराच्या भावात विकलेलं पाणी, असं तो म्हणे. त्याने प्रिंटरच्या पोटातून नळ्या बाहेर काढल्या होत्या आणि बाजूला सुट्या शाईच्या बाटल्या जोडल्या होत्या. इस्पितळात सलाइन लावलेला रोगी जसा दिसतो, तसं ते यंत्र दिसे. बाजारातला शाईवाला दर खेपेला वेगळ्याच नावाची बाटली देई. एका खेपेची लाल डोक्यात जाणारी, तर दुसऱ्या खेपेची निळी आजारी. वियोतो कॉम्प्युटरवर बसून लाल जरा दाबायचा, पिवळी चढवायचा, कागदाची पट्टी छापून डोळ्यांसमोर धरायचा. मला तो आमच्या मंडळीतल्या मॅनेजरसारखा वाटे. जी नटी पुढे पुढे करते तिला मागे ओढायचं, जी लाजते तिला ढकलायचं.

असं सगळं सुरळीत चालू असताना त्याच्या मुलीचं, एन्दाहचं, लग्न बागुसशी ठरलं. तिच्या चुलत आजोबांनी दोघांच्या जन्मवारांचा हिशेब मांडून दिवस काढून दिला. लग्नाच्या नोंदणीसाठी नवरा-नवरीचे निळ्या पार्श्वभूमीवरचे फोटो लागतात. वियोतोने ते मोठ्या हौसेने छापले आणि ऑफिसातल्या नव्या कारकुनाने तितक्याच नम्रपणे परत केले. हा रंग निळा नसून जांभळा आहे, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी दुपारपर्यंत कागद पुरे झाले नाहीत, तर नोंदणी हुकणार. दिवस हातचा गेला की पुढचा चांगला दिवस थेट भातकापणीनंतर.

गुरुवारी सकाळी एन्दाह म्हणाली, "बापाक, मी आणि बागुस बाजारातल्या मोठ्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून येतो. जाता-येता होईल."

वियोतोने कॉफीचा पेला खाली ठेवला. "माझ्या मुलीच्या लग्नाचा फोटो दुसऱ्याच्या यंत्रातून निघाला, तर मी दुकानाची पाटी उतरवून बदकं पाळलेली बरी."

"पाळाच," आतून त्याची बायको रुमियाती म्हणाली. "बदकांची अंडी आपोआप निळी येतात."

एन्दाहने त्याला संध्याकाळपर्यंत वेळ दिला आणि वियोतो कामाला लागला. त्याने लाल उतरवली. मागचा पडदा सुरेख निळा आला, पण नवरा-नवरी हिरवे पडले, आठवडाभर तळ्यात राहिल्यासारखे. बागुस तेवढ्यात डोकावला, त्याने स्वतःला बघितलं आणि मला हळूच विचारू लागला, की त्याचं पोट वगैरे बिघडलेलं दिसतं का. वियोतोने लाल पुन्हा चढवली. चेहरे सोनेरी झाले, पडदा जांभळा. दुपारपर्यंत बाकावर, जमिनीवर, माझ्या मांडीवर हिरव्या आणि सोनेरी जोडप्यांच्या पट्ट्याच पट्ट्या झाल्या. गल्ली जमली. नाक्यावरचा साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, विकणारा म्हणाला, या फोटोतली डोकी कापून त्या फोटोत चिकटवा. वियोतोने कात्रीकडे एकदा पाहिलंसुद्धा.

शेवटी मी विचारलं, चेहऱ्याचा रंग तू कशाशी ताडून बघतोस?

त्याने खणातून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक फोटो काढला. नवरीच्या वेशातली रुमियाती. नवी बाटली आली की पहिला हा फोटो छापायचा, हा जुळला की दुनिया जुळली, अशी त्याची रीत होती. याहून खरा रंग आपण पाहिलेला नाही, असं तो अगदी मनापासून म्हणाला.

मी चष्मा लावून पाहिलं. तो रंग माझ्या ओळखीचा होता. राणीचं काम असलं की रात्रीच्या खेळाआधी तासभर मी तो स्वतःच्या गालांना, मानेला, दंडांना चोळलेला होता.

"वियोतो," मी म्हटलं, "ही कातडी नव्हे. हे नवरीला लावायचं पिवळं उटणं आहे. तू सगळ्या तालुक्याला नवरीचं उटणं फासत आलास."

"उगाच नाटकं करू नका, म्बाह."

"नाटकातलंच आहे, म्हणून तर ओळखलं."

त्याला ते पटेना. तेवढ्यात रुमियाती तळलेल्या तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, ताटली घेऊन बाहेर आली. मी तिला दारात, उजेडात उभं राहायला सांगितलं. वियोतोने जुना फोटो तिच्या गालाशेजारी धरला. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"बू, तू अशी आहेस?" त्याने बायकोला विचारलं. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला बू म्हणतात.

"कशी?"

"तपकिरी."

"आज कळलं होय? लवकर बघा, कढईत दुसरा घाणा आहे."

पण त्याला लवकर बघायचं नव्हतं. पिवळी उतरवली, लाल उतरवली, पट्टी छापली, धावत दारात आला, तिच्या गालाला लावून पाहिली, पुन्हा आत. रुमियाती एकीकडे त्याला वेडा ठरवत होती आणि दुसरीकडे प्रत्येक खेपेला पदराने गालावरचं तेल टिपून हनुवटी वर करून उभी राहत होती. आतला घाणा जळून कोळसा झाला. धूर येऊ लागला तेव्हा पट्टीवरच्या दोघांचे चेहरे ताडगुळाच्या रंगाचे झाले होते, आणि त्यांच्या मागे निळा पडदा निळाच राहिला होता.

संध्याकाळी बागुसची आई, बू कुस्तिनाह, फोटो बघायला आली. तिने तो दिव्याखाली तिरपा करून पाहिला. सूनबाई जरा सावळी आली, म्हणाली. आधीचा जास्त खुलत होता, थोडं सोनेरी करता आलं तर बरं, माउसला तेवढं बोट लावायचं. होणाऱ्या विहीणबाईंचा शब्द. वियोतोचा हात माउसकडे गेलाही. सोनेरी करणं त्याच्या हातचा मळ होता, आणि सोनेरी केलं की निळा गेला.

एन्दाहने त्याच्या कोपराजवळून वाकून फोटो उचलला. जरा वेळ पाहत राहिली.

"यात मी आईसारखी दिसते," ती म्हणाली आणि फोटो पाकिटात घातले. स्टुडिओचं नाव तिने काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाप-लेक मोटरसायकलवरून ऑफिसात गेली. पुढचं मला एन्दाहने हसत हसत सांगितलं. कारकुनाने फोटो पाहिले, कागदाला टाचले, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. झालं काम. एन्दाह निघाली, पण वियोतो खिडकीपाशीच उभा. त्याला टाळ्या हव्या होत्या. खेळ संपल्यावर पडद्याआड उभ्या राहिलेल्या नटाची ही तगमग मी जाणतो.

"साहेब," त्याने विचारलं, "निळा कसा वाटला?"

कारकुनाने मान वर केली. "निळा आहे," तो म्हणाला.

परत येताना वियोतोने मोटरसायकल सातेवाल्यापाशी थांबवली, मग तांदळाच्या दुकानापाशी, मग बू कुस्तिनाहच्या दारात, मग माझ्यापाशी. प्रत्येक ठिकाणी हेल्मेट काढलं आणि ऑफिसातला माणूस काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. मागे बसलेली एन्दाह उरलेल्या फोटोंचं पाकीट छातीशी धरून प्रत्येक ठिकाणी मान डोलवत होती.